देश पाऱ्याचं प्रदूषण रोखायला तयार आहे का, हे कसं तपासतात?

पाऱ्याचा वापर आणि प्रदूषण कमी करायच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराखाली देशाची तयारी कशी मोजतात आणि ठाणे-नवी मुंबईत काय बघायचं, असा प्रश्न आहे.

आधी पाऱ्याचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या टूलकिटमधलं (पारा मोजायच्या मार्गदर्शक पुस्तिकेतलं) सूत्र सोपं आहे: वर्षात किती कोळसा जळला, किती वस्तू विकल्या, गुणिले प्रत्येक एककातला पारा. मग तो हवा, पाणी, जमीन, कचरा यांत किती गेला ते वाटायचं. घोळ इथेच होतो. नुसती आयात धरली तर कोळशात मुळातच असलेला पारा सुटतो. उलट ट्यूबलाइट एकदा वस्तू आणि पुन्हा कचरा म्हणून धरली, की तोच पारा दोनदा मोजला जातो.

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या दवाखान्याची अडगळीची खोली उघडा. ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅम पारा, पण पाऱ्याच्या बीपी मशीनमध्ये जवळपास १०० ग्रॅम किंवा जास्त. म्हणून मोजणी बीपी मशीनपासूनच सुरू करावी.

कायदा त्यानंतर. भारताने करार २०१८ मध्ये मंजूर केला. पण ही मशीन कोण उचलणार, कोणत्या बंद डब्यातून, कुठे नेणार, याची उत्तरं हवीत. तळोज्यात घातक कचऱ्याचं केंद्र आहे. ट्यूब घंटागाडीतच फुटली तर पाऱ्याची वाफ सफाई कामगाराच्या छातीत जाते.

शेवटी प्रयोगशाळा: खाडीच्या मासळीतला मिथाइल पारा (माशांत साठणारं पाऱ्याचं विषारी रूप) वर्षानुवर्षं, एकाच पद्धतीने मोजणारी माणसं आणि यंत्रं आहेत का?