रंगाचं विचारा : वाचकांचे प्रश्न, जळगावच्या जुन्या पेंटरची उत्तरं

प्रश्न : वडिलांची 1981 ची प्रिया स्कूटर आहे, फिकट आकाशी रंगाची. शेतातून केळीचे घड त्यांनी हिच्यावरच आणले. रंग पांढुरका पडलाय, डिकीवर चिकाचे काळपट डाग आहेत, फूटबोर्डला गंज धरलाय. गॅरेजवाले म्हणतात, सगळं घासून आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत नवीकोरी करून देतो. देऊ का? – एक वाचक, फैजपूर

उत्तर : ताई, देऊ नका. आधी गॅरेजवाल्यांना फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

डिकीचं झाकण उघडून आत बघा. ऊन न लागलेला तो आकाशी रंग साताऱ्याच्या कारखान्यातून आला तसाच असेल. बाहेरचाही तोच आहे, फक्त वरचा पापुद्रा उन्हानं मेलाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात चाळीस वर्षं काढलेला रंग पांढुरका पडणारच. तो गेलेला नाही, झाकला गेलाय.

खात्री करायची तर पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि आडोशाच्या जागी हलक्या हातानं चोळा. फडकं आकाशी झालं तर घाबरू नका. त्या काळच्या साध्या रंगावर लॅकरचा पारदर्शक थर नसायचा, म्हणून रंगच फडक्याला येतो. याचा अर्थ एवढाच की प्रत्येक वेळी चोळताना थोडा रंग जातो, आणि तो मोजकाच उरलाय.

धुवायची सकाळी, सावलीत. आधी नुसतं पाणी वाहू द्या. काळ्या मातीची धूळ कोरडी पुसली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात. मग बादलीत गाडीचा शाम्पू आणि मऊ फडकं. सर्व्हिसिंगचा प्रेशर पाइप नको, सुटलेला पापुद्रा उडून जातो. बोअरचं खारं पाणी अंगावर वाळू देऊ नका, लगेच टिपा. नंतर सौम्य पॉलिश, हातानं, बोटभर जागेत थोडं थोडं. मशीन लावू नका. कडांवर आणि उठलेल्या रेघांवर रंग सगळ्यात पातळ असतो, दोन मिनिटांत खालचा प्रायमर दिसतो. कडांना आधी चिकटपट्टी लावून घ्या. शेवटी मेणाचा पातळ हात.

गंजाचं मात्र आजच बघा. या स्कूटरला वेगळी चासी नसते, दाबलेल्या पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. फूटबोर्डच्या पट्ट्यांखाली पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं. पट्ट्या काढा, स्क्रूनं टोचून बघा. पत्रा आत गेला तर तेवढ्यापुरतं वेल्डिंग लागेल, त्याला इलाज नाही. पत्रा घट्ट असेल तर पितळी ब्रशनं सुटा गंज काढून बारीक कुंचल्यानं फक्त गंजावर टॅनिनचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज बसवणारं द्रावण, लावा. गंज काळा होऊन बसतो. हिरड्यातही टॅनिन असतं; हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करायचे, तोच हा गुण.

आणि चिकाचे डाग? धुतरात गेलेला केळीचा चीक कुठं निघतो? पॉलिशनं फिके होतील तेवढे होऊ द्या, त्यापुढं घासू नका. ते तुमच्या वडिलांच्या घडांचे डाग आहेत, ताई. मी असतो तर त्यांच्यावर मेण लावून ते जपले असते.

हे इतकं कळकळीनं सांगतोय कारण मी उलटं केलंय. 1994 साली मामांची स्कूटर मी हौसेनं पत्र्यापर्यंत घासली आणि चकचकीत लाल करून दिली. पुढच्या शील्डवर कुण्या पेंटरनं हातानं ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ लिहिलं होतं, पिवळी अक्षरं, खाली काळी सावली. मामा आले, त्या जागेवरून तळहात फिरवला आणि काही न बोलता गाडी घेऊन गेले. नंतर मी ती अक्षरं तीनदा लिहून पाहिली. माझा हात चांगला आहे, पण ती अक्षरं तशी उतरली नाहीत.

प्रश्न : जुनी चेतक रोज डिझेलच्या फडक्यानं पुसतो, छान चमकते. चालेल ना? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : नको, भाऊ. ती चमक तेलाची आहे. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ बसते, सकाळी तुम्ही तीच धूळ रंगावर चोळता. महिन्यातून एकदा मेण लावा, रोज हात लावायची गरज नाही. पेट्रोल भरताना सीटखालच्या झाकणाभोवती फडकं गुंडाळा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओघळलं की रंगावर पिवळट पट्टा उमटतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. छपराखाली उभी करून आईची जुनी सुती साडी टाकलीत तरी पुरे.