टेबलावर पुस्तक किंवा कागद टेकवायला साधा लाकडी स्टँड घरी कसा करता येईल?
१२ मिमी प्लायवूड घ्या. पाठीची फळी ३० सेंमी उंच, ३५ सेंमी रुंद. उघडं पुस्तक मावतं. आता खरी गंमत: १५ बाय २६ सेंमीचा एक तुकडा तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापा. दोन सारखे त्रिकोण मिळतात, तिरकी बाजू बरोबर ३० सेंमी. तेच पाय: १५ सेंमीची बाजू टेबलावर, तिरकी बाजू फळीच्या पाठीला, की फळी आपोआप ६० अंशांत बसते. कोन मोजायची कटकटच नको.

जोडायला फेविकॉल आणि स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू थेट पिळला तर थर फाटतात, म्हणून आधी बारीक ड्रिलने भोक पाडा. फळीच्या खालच्या कडेला, पुढून, पुस्तक टेकायला अडीच सेंमीची पट्टी लावा. शेवटी पॉलिश पेपर, कडांना जरा जास्तच. वॉर्निश हौस असेल तर.