स्वॅबचं बिल कशापायी?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, सासऱ्यांना छिंदवाड्याच्या दवाखान्यातून नागपूरला रामदासपेठेत एका हॉस्पिटलात आणलं. आयसीयूत घेतल्याबरोबर नाकाचा नि गुदद्वाराचा स्वॅब घेतला, बिलात त्याचा आकडा वेगळा. आता म्हणतात पोटात क्लेबसिएला नावाचा जंतू आहे, भारी औषधांनाही दाद न देणारा. पण त्यांना ना ताप ना काही, मग हे पैसे काढायचे धंदे नाहीत तर काय?
– एक सून, मानेवाडा

उत्तर: ताई, राग समजतो, पण तुमच्या केसमध्ये स्वॅब फुकट गेला असं मी नाही म्हणणार. दुसऱ्या दवाखान्यात राहून आलेला, तिथे अँटिबायोटिक खाल्लेला आणि थेट आयसीयूत जाणारा पेशंट, असे जंतू याच लोकांत जास्त सापडतात, म्हणून यांना तपासणं परवडतं. सरसकट सगळ्यांचं मात्र जमत नाही. इंग्लंडने २००९ मध्ये ठरलेल्या ऑपरेशनवाल्यांची आणि २०१० अखेर इमर्जन्सीवाल्यांचीही एमआरएसएची (नाकात, कातडीवर राहणारा, नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतू) तपासणी सक्तीची केली, नि २०१४ मध्ये स्वतःच मागे आले, पैशाच्या मानाने फायदा दिसेना म्हणून. आता जास्त धोक्याचेच पेशंट नि वॉर्ड बघतात.

अन् खर्च काही स्वॅबचाच नसतो. कल्चरचा, म्हणजे स्वॅबमधले जंतू वाढवून बघायचा, रिपोर्ट यायला दोनतीन दिवस, तोवर पेशंट कुठे ठेवायचा, वेगळी खोली, गाऊन, ग्लोव्हज, शक्य असेल तर वेगळी नर्स, हे सगळं आलंच. ते करायचं नसेल तर रिपोर्ट नुसता फाईलमध्ये पडून राहतो, मग तो महागच. अमेरिकेत ७४ आयसीयूंमध्ये करून पाहिलं (२०१३ मध्ये छापून आलं), तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच रोज क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसणं नि नाकात मुपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम लावणं जास्त कामाचं निघालं. पण सासऱ्यांचा जंतू आतड्यात आहे, तिथे नाकातलं मलम काय करणार!

जंतू अंगावर असणं म्हणजे इन्फेक्शन नव्हे. ताप नाही, त्रास नाही, तर त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका, कोणी आपणहून लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा. पुढे खरंच इन्फेक्शन झालं तर हाच रिपोर्ट बघून पहिल्याच दिवशी बरोबर औषध निवडता येतं, म्हणून जपून ठेवा, दुसरीकडे भरती केलं तर आधी दाखवा.

हॉस्पिटलला एकच विचारा, रिपोर्टनंतर तुम्ही वेगळं काय केलं? वेगळा बेड, हात धुणं, गाऊन काही दिसत नसेल तर भांडा खुशाल, पण त्यावरून भांडा, स्वॅबवरून नको. घरी ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, त्यांना संडासला नेल्यावर साबणाने हात धुतले की झालं.