बिग बँडबरोबर गाताना: पट्टी, लय आणि जागा

प्रश्न: आमचा १७ जणांचा बँड आहे: ५ सॅक्सोफोन, ४ ट्रंपेट, ४ ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. जुन्या स्विंग गाण्यांचे चार्ट (प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेले सूर) पुरुषाच्या आवाजासाठी बी फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी पाचमध्ये आहेत. गायिकेला ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन लागते. सॉफ्टवेअरमधून पट्टी बदलली तर चालेल का?

उत्तर: एक-दोन अर्धस्वरांचा फरक असता तर चाललं असतं. इथे फरक पाच अर्धस्वरांचा आहे. सगळं वर सरकवलंत तर मुख्य ट्रंपेटला जिथे वरचा सी होता तिथे एफ येतो आणि दोन गाण्यांतच ओठ थकतात. खाली नेलंत तर ट्रॉम्बोनचे जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ वाजतात.

आमच्या मते उत्तम तोडगा असा: गायिका गाते तेवढा भाग ई फ्लॅटमध्ये नव्याने लिहून घ्या. मधला बँडचा जोरकस भाग मूळ बी फ्लॅटमध्येच ठेवा. तिथे जाताना दोन बारमध्ये (मात्रांच्या गटांत) एफ सेव्हन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणा, परत येताना बी फ्लॅट सेव्हन. ऐकणाऱ्याला तो बदल सुखद वाटतो आणि ब्रासचा, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा, झळाळही टिकतो. काही वाद्यांचे सूर लिहिले जातात त्याहून वेगळे वाजतात, म्हणून ई फ्लॅटच्या भागात ट्रंपेट व टेनर सॅक्सोफोनच्या कागदावर एफ, तर आल्टो व बॅरिटोनच्या कागदावर सी दिसायला हवा. पहिल्या तालमीआधी हे तपासाच. एका चुकीच्या कागदामुळे अर्धा तास जातो.

प्रश्न: गायक शब्द थोडे मागे टाकतो, म्हणजे मात्रेनंतर गातो, ते छान वाटतं. पण त्याच्यासोबत बँडही हळू होत जातो.

उत्तर: गायकाला अजिबात थांबवू नका, बँडला थांबवा. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा आणि पियानोवादक काउंट बेसीच्या बँडने १९६२ (संयोजन नील हेफ्ती) आणि १९६४ (संयोजन क्विन्सी जोन्स) साली केलेली ध्वनिमुद्रणं लक्ष देऊन ऐका. सिनात्रा ओळ हवी तशी ओढतो, पण खाली फ्रेडी ग्रीनची गिटार, १९३७पासून बेसीच्या बँडमध्ये वाजवली तशीच, प्रत्येक मात्रेवर ठाम वाजत राहते. ताण तिथूनच येतो. बँड गायकामागे गेला की मागे टाकलेले शब्द मागे राहतच नाहीत.

तालीम अशी घ्या. गाण्याची लय मिनिटाला १३२ असेल तर मेट्रोनोम ६६ वर लावा आणि त्याचा ठोका दुसरी व चौथी मात्रा म्हणून मोजा. आधी फक्त पियानो, गिटार, बास, ड्रम्स आणि गायक. सॅक्सोफोन व ब्रास नंतर. ड्रमरच्या मॉनिटरमध्ये (त्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) गायकाचा आवाज कमी आणि बास जास्त ठेवा. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

प्रश्न: माईक वाढवूनही गाणं बुडतं.

उत्तर: गायिका ट्रंपेटच्या थेट समोर उभी असणार. माईकचं तोंड तिच्याकडे, म्हणजेच तिच्या मागच्या ट्रंपेटकडे. म्हणून माईक वाढवला की तेही वाढतात. तिला ब्रासच्या रेषेतून बाजूला आणि दोन-तीन मीटर पुढे उभं करा. माईक ओठांपासून पाच-सात सेंटिमीटरवर.

मग चार्ट पाहा. शब्द चालू असताना ब्रासचे लांब सूर असतील तर ते कप म्यूट (आवाज मऊ करणारं, वाद्याच्या तोंडात बसवायचं टोपण) लावून वाजवा, आणि मोकळे फटकारे फक्त ओळींच्या मधल्या जागेत ठेवा. आपल्याकडे ही समज होतीच: १९५१च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांच्या चालींबरोबर गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आहेत, तिथे ब्रास गाण्याला कुठे जागा देतो ते ऐका. एवढं करूनही आवाज दबला तर शब्दांखालचा दुसरा आणि चौथा ट्रंपेट काढून टाका.