युरोपियन संसदेतल्या ईसीआर गटाची धोरणे काय आहेत आणि त्यात कोणकोणते पक्ष आहेत?

ईसीआर म्हणजे युरोपियन कॉन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स, वेगवेगळ्या देशांतल्या समविचारी उजव्या पक्षांच्या खासदारांचा संसदेतला गट. याच नावाचा एक युरोपीय पक्षही आहे. २०२५पासून त्याचे अध्यक्ष पोलंडचे माजी पंतप्रधान माटेउश मोरावियेत्स्की आहेत, त्याआधी इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी होत्या. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते. तुमचा प्रश्न संसदेतल्या गटाबद्दल आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

गट २००९ साली स्थापन झाला. डेव्हिड कॅमेरॉन यांचा ब्रिटिश हुजूर पक्ष, पोलंडचा लॉ अँड जस्टिस आणि झेक प्रजासत्ताकातला ओडीएस हा पक्ष यांनी पुढाकार घेतला होता. ब्रेक्झिटमुळे २०२० मध्ये ब्रिटिश खासदार गेले आणि गटाची सूत्रे पोलंड व इटलीकडे आली. २०२४च्या निवडणुकीनंतर ७२०पैकी ७८ जागा गटाकडे होत्या: मेलोनींच्या ब्रदर्स ऑफ इटलीच्या २४, लॉ अँड जस्टिसच्या २०. शिवाय रुमानियाचा एयूआर पक्ष, ओडीएस, बेल्जियममधला फ्लेमिश एन-व्हीए, स्वीडन डेमोक्रॅट्स आणि फ्रान्सच्या खासदार मारिओन मारेशाल. स्पेनचा व्हॉक्स हा पक्ष त्याच जुलैत पेट्रियट्स या अतिउजव्या गटात गेला.

समान धागा असा: संघराज्य होऊ पाहणाऱ्या युरोपला विरोध, सदस्य देशांचा नकाराधिकार टिकवणे, सामायिक बाजारपेठ आणि नाटोला पाठिंबा, सक्तीच्या निर्वासित-वाटपाला विरोध, हरित धोरणातल्या महागड्या अटी शिथिल करणे. युरोपियन संघातून बाहेर पडा, असे गट म्हणत नाही.

यापुढे मात्र प्रत्येक देशाचे गणित वेगळे. २०२४च्या स्थलांतर करारातल्या काही कायद्यांना इटलीच्या खासदारांनी पाठिंबा दिला, पोलंडच्या खासदारांनी विरोध केला. कारण उघड आहे: बोटी इटलीच्या किनाऱ्याला लागतात आणि पोलंडला त्या लोकांचा वाटा नको आहे. युक्रेनला शस्त्रे द्यायला पोलंड आणि इटलीचे हे पक्ष तयार, एयूआर विरोधात. म्हणून ‘ईसीआरने अमुक केले’ हे वाक्य वाचले की मी आधी कोणत्या देशाच्या खासदारांनी, ते पाहतो.

ईसीआरला सरसकट अतिउजव्यांच्या पंक्तीत बसवणेही मला पटत नाही. पेट्रियट्सकडे ८४ खासदार असूनही बाकीच्या गटांनी त्यांना एकाही समितीचे अध्यक्षपद मिळू दिले नाही. ईसीआरला तीन मिळाली: शेती, अर्थसंकल्प आणि नागरिकांच्या तक्रार-अर्जांची समिती. शिवाय संसदेची दोन उपाध्यक्षपदे. मेलोनींच्याच पक्षाचे राफाएले फित्तो युरोपियन आयोगाचे, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाचे, कार्यकारी उपाध्यक्ष झाले.

स्वतः पडताळायचे असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या बैठकीच्या इतिवृत्तासोबत नावनिशी मतदानाची यादी असते. तिच्यात गटानुसार नावे दिलेली असतात; कोण कोणत्या पक्षाचा ते खासदाराच्या पानावर पाहावे लागते. नोव्हेंबर २०२४चे नव्या आयोगाला मंजुरी देण्याचे मतदान काढून बघा: फित्तोंच्या पक्षाने बाजूने, लॉ अँड जस्टिसने विरोधात. त्याच वर्षी जुलैत झालेली उर्सुला फॉन डेर लायन यांची आयोगाच्या अध्यक्षपदावरची निवड शोधू नका. ते मतदान गुप्त असते, त्यामुळे तिथे पक्षांनी स्वतः जाहीर केलेल्या भूमिकेवरच विसंबावे लागते.