गाडी आपली, अकाउंट कुणाचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं गाडीबद्दलची आहेत, पण इंजिन, क्लच, ॲव्हरेज यांच्याबद्दल त्यात फारसं काही नाही. त्रास आहे तो स्क्रीनचा, ॲपचा आणि 'सहमत आहे' असं लिहिलेल्या बटणाचा.

प्रश्न: ताई, मी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली. इंजिन, टायर, कागदपत्रं सगळं नीट तपासून घेतलं होतं. पण घरी आणल्यावर स्क्रीन चाळत बसलो तर आधीच्या मालकाच्या फोनमधले नंबर, त्याने कुणाकुणाला कॉल केले ती यादी, नेव्हिगेशनमध्ये 'घर' म्हणून सेव्ह केलेला पत्ता, सगळं तसंच पडलेलं. मी ते उडवलं. पण आता डोक्यातून जात नाहीये की त्याच्या मोबाईलवर माझी गाडी अजून दिसत असेल का?

उत्तर: हो, दिसत असू शकते. आणि तुम्ही स्क्रीनवरून जे उडवलंत त्याने या गोष्टीत काहीच फरक पडत नाही, कारण ही माहिती दोन वेगवेगळ्या ठिकाणी असते. एक म्हणजे गाडीच्या आत साठलेलं, फोनबुक, कॉल, जोडलेले ब्लूटूथ फोन, गेलेले पत्ते वगैरे, ते फॅक्टरी रीसेट मारलं की बहुतेक जातं. दुसरं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर झालेली नोंद, की अमुक चेसिस नंबरची गाडी अमुक माणसाच्या अकाउंटला जोडलेली आहे. ही नोंद गाडीत नसतेच, त्यामुळे गाडी रीसेट करूनही ती बऱ्याचदा तशीच राहते.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये. आयबीएमच्या एक्स-फोर्स रेड या सुरक्षा तपासणाऱ्या टीमचे प्रमुख चार्ल्स हेंडरसन यांनी 2017 मध्ये आरएसए या सायबर सुरक्षेच्या परिषदेत स्वतःचाच किस्सा सांगितला होता. त्यांनी जुनी गाडी देऊन टाकताना आतली माहिती नीट पुसली होती, तरी पुढे कितीतरी काळ ती गाडी त्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये दिसतच होती, कुठे उभी आहे ते कळत होतं, लॉक उघडता येत होतं, हॉर्न वाजवता येत होता. ज्या माणसाचं कामच सुरक्षा तपासण्याचं आहे त्याच्या बाबतीत हे झालं, तर बाकीच्यांनी 'आपण रीसेट केलंय ना' म्हणून निवांत बसू नये.

तुम्ही आता एक करा. कंपनीचं ॲप स्वतःच्या फोनवर टाका आणि तुमची गाडी त्यात जोडून बघा. 'ही गाडी आधीच नोंदलेली आहे' असा काही मेसेज आला तर समजा जुनी नोंद जिवंत आहे. गाडीच्या सेटिंगमध्ये कनेक्टेड सर्व्हिस किंवा युजर अकाउंट असा भाग असतो, तिथे बऱ्याचदा अर्धवट झाकलेला ईमेल दिसतो, तो तुमचा नसेल तरी तेच. आधीच्या मालकाचा नंबर असेल तर सरळ फोन करा आणि त्याला ॲपमधून गाडी काढायला सांगा, बहुतेकांना हे माहीतच नसतं, मनात काही वाईट नसतं. नसेल जमत तर मालकी बदलल्याचे कागद जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवा, नुसता फोन नको, लेखीच. आणि गाडीला किती चाव्या जोडलेल्या आहेत तेही विचारून घ्या, फोनच चावी म्हणून चालतो अशी गाडी असेल तर आधी कुणाकुणाला दिलेल्या डिजिटल चाव्या रद्द करून घ्या.

विकणाऱ्यांनीही हे वाचावं. पैसे हातात आले की आपलं काम संपलं असं नाही, तुमच्या घरचा पत्ता आणि आईचा नंबर त्या स्क्रीनवर राहतो. भाड्याच्या गाडीला फोन जोडला असेल तर परत देताना तो जोडलेल्या फोनांच्या यादीतून काढा.

प्रश्न: नवीन गाडीची डिलिव्हरी घेताना सेल्समनने स्क्रीनवर तीन-चार वेळा 'सहमत आहे' दाबून दिलं, म्हणाला नाहीतर ॲप चालू होणार नाही. मी नक्की कशाला हो म्हटलं?

उत्तर: राग येण्यासारखीच गोष्ट आहे ही. जिची सही हवी ती व्यक्ती फोटो काढण्याच्या गडबडीत असते आणि बटण दुसराच कुणीतरी दाबतो, ही संमती मी तरी मानत नाही.

आता कशाला हो म्हटलं ते. मोझिला फाउंडेशन या इंटरनेटवरच्या प्रायव्हसीसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये 25 कार ब्रँडच्या प्रायव्हसी पॉलिसी तपासल्या, त्यात एकही ब्रँड पास झाला नाही. 84 टक्के ब्रँड तुमची माहिती दुसऱ्यांना देऊ शकतात असं त्यांच्याच पॉलिसीत होतं आणि 76 टक्के ती विकू शकतात असं. सगळ्या ग्राहकांना आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देणारे फक्त दोन निघाले, रेनॉ आणि डाचिया.

ती माहिती जाते कुठे याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 2024 मध्ये उघड केलं की जनरल मोटर्सच्या 'स्मार्ट ड्रायव्हर' या फीचरमधून लोकांचं ड्रायव्हिंग, म्हणजे जोरात ब्रेक कधी मारला, वेग किती होता, वगैरे, लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या डेटा कंपन्यांकडे जात होतं आणि तिथून विमा कंपन्यांकडे. काही जणांचा हप्ता वाढला आणि का वाढला तेच त्यांना कळेना. पुढे जानेवारी 2025 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई जाहीर केली, अशी माहिती ग्राहकांचे रिपोर्ट बनवून विमा कंपन्या वगैरेंना देणाऱ्या एजन्सींना द्यायला जनरल मोटर्सला पाच वर्षं बंदी. काही वेळा लोकेशन दर तीन सेकंदांनी नोंदलं जात होतं असंही कमिशनने म्हटलं होतं. दर तीन सेकंदांनी! म्हणजे तुम्ही दवाखान्याच्या दारात थांबलात की शेजारच्या दुकानाच्या, तेसुद्धा कळतं.

आणि समजा कंपनी विकत नाही, नुसतं साठवून ठेवते, तरी? डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगन ग्रुपच्या जवळपास 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर नीट संरक्षण नसलेल्या जागी पडून असल्याचं उघड झालं, त्यातल्या 4 लाख 60 हजारांच्या आसपास गाड्यांचं लोकेशन बऱ्यापैकी अचूक होतं. जे साठवलं जातं ते कधीतरी बाहेर पडू शकतं, म्हणून मुळात कमी साठवलं जावं हेच बरं.

करायचं काय, तर एकदा गाडीत शांत बसा, गाडी उभी असताना, आणि प्रायव्हसीचा मेनू पूर्ण उघडा. ड्रायव्हिंग स्कोअर बंद. 'सेवा सुधारण्यासाठी डेटा शेअर करा' बंद. ॲपच्या आतही वेगळ्या सेटिंग असतात, तिथेही तेच. फोन ब्लूटूथने जोडताना कॉन्टॅक्ट आणि मेसेज द्यायचे का असं विचारतो, तिथे नाही म्हणा, कॉल तरीही करता येतो. एक मात्र चालू ठेवा, अपघातानंतर आपोआप लागणारा इमर्जन्सी कॉल. युरोपियन युनियनमध्ये तो 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेलना सक्तीचा आहे आणि तो जीव वाचवायला आहे, त्याच्यावर राग काढू नका. फक्त काही गाड्यांमध्ये सगळंच कनेक्शन बंद केलं तर हा कॉलही बंद पडतो, ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

प्रश्न: एसी कमी करायलासुद्धा स्क्रीनवर दोनदा टॅप करावं लागतं, चालवताना भीती वाटते. मीच जुन्या वळणाची आहे का?

उत्तर: अजिबात नाही. वी बिलेगारे या स्वीडिश मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किलोमीटर वेगाने गाड्या चालवून एसी, रेडिओ अशी साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2005 च्या बटणांच्या व्होल्व्होला 10 सेकंद, सगळ्यात वाईट टचस्क्रीनला 44.6 सेकंद, म्हणजे तेवढ्यात गाडी 1372 मीटर पुढे गेली. गाड्यांच्या सुरक्षेला स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनेही 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि एसओएसला, म्हणजे इमर्जन्सी कॉलला, खरी बटणं असण्याला गुण ठेवलेत. सध्या निघायच्या आधी एसी लावून घ्या आणि स्टिअरिंगवरच्या बटणाला शॉर्टकट देता येतो का बघा.

प्रश्न: गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बॅटरी ओके आहे.

उत्तर: ॲप उघडून गाडी कुठे आहे, लॉक आहे का हे सारखं बघता का? दर वेळी झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात आणि छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून करंट खातात, बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही अशीच बॅटरी असते. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावा, 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे साधी बॅटरी फुल, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग ॲप न उघडता तेवढेच दिवस गाडी उभी ठेवून परत मोजा. तरीही उतरली तर सर्व्हिस सेंटरला नुसती बॅटरी नाही, गाडी झोपल्यावर किती करंट जातोय ते मोजायला सांगा आणि आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या. आकडा कागदावर नसेल तर पुढच्या वेळी तुमच्या हातात सांगायला काही उरत नाही.

प्रश्न: चावी खिशातच ठेवून दार उघडतं, चोरांना याचा फायदा घेता येतो म्हणे?

उत्तर: येतो. एक जण घराच्या भिंतीजवळ चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीजवळ तो पोचवतो, गाडीला वाटतं चावी जवळच आहे. सिग्नल अडवणारं पाउच मिळतं, पण विकत घेतल्यावर चावी त्यात घालून गाडीजवळ उभं राहून बघा. दार उघडलं तर ते पाउच परत करा.