तिच्या डब्याच्या घोळक्यात बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी नववीत, सगळ्यांशी पटतं, स्नेहसंमेलनात निवेदन करते. आणि महिनाभर एका निनावी इन्स्टा खात्यावर तिचे फोटो टाकून घाणेरड्या कमेंट चालल्यात. तुम्ही म्हणता, तिचं कुणाशीच वाकडं नाही, म्हणजे हे बाहेरचंच कुणीतरी असणार. मी एकवीस वर्षं आठवी ते दहावीला शिकवते आहे. मला उलट वाटतं. डब्याच्या सुट्टीत ती ज्यांच्यासोबत बसते, तिथेच शोधा.

आमच्या वर्गात असंच एक पान निघालं, तेव्हा मी सरळ मागच्या बाकावरच्या एका मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून झापलं. मार्क कमी, घरची परिस्थिती बेताची, वर्गात फारशी मैत्री नाही, म्हणून संशय त्याच्यावर. ज्या मुलीच्या नावाने ते पान निघालं होतं, तिचीच बाकावरची जोडीदारीण ते चालवत होती. दोघींत एकीची मॉनिटर म्हणून निवड झाली होती, एवढंच निमित्त. त्या मुलाची मी माफी मागितली, पण तो वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. ते मला अजून लागतं.

रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी हेच मोजलंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांवरचा त्यांचा अभ्यास २०११ साली आला. वर्गातला मान वाढतो तसं इतरांना त्रास देणंही वाढतं. अगदी शेंड्यावरची दोनेक टक्के मुलं तेवढी थांबतात. त्यांना आणखी कुठे चढायचं नसतं. पुढे २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्याच अभ्यासात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका शाळेत दिसलं, की मित्रमैत्रिणींत किंवा पूर्वी प्रेमात असलेल्या जोड्यांत ऑनलाइन छळाची शक्यता इतरांपेक्षा सुमारे सातपट असते. कारण उघड आहे. दोघी एकाच जागेसाठी धडपडतात, आणि कुठलं बोलणं कुठे लागेल हे मैत्रिणीलाच नेमकं ठाऊक असतं.

म्हणून मुलीचा फोन काढून घेऊ नका, कृपा करून. फोन जाईल या भीतीनेच मुलं पुढचं काही सांगत नाहीत. खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, मग रिपोर्ट करा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. तिथे गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात पोचते. स्क्रीनशॉट घेऊन थेट मुख्याध्यापकांना भेटा.

फोटोत छेडछाड करून अश्लील काही केलं असेल तर मात्र शाळेवर थांबू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोला. अठराखालच्या मुलांचे असे फोटो हा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. कुणी त्याच कायद्याचं ६६अ कलम सांगेल. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच रद्द केलंय. असे फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणाऱ्या ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा पाठवला जातो.

आज रात्री जेवताना इन्स्टाचा विषय काढू नका. हल्ली डबा कुणासोबत खातेस, एवढंच विचारा. जागा बदलली असेल तर कधीपासून, तेही विचारा, आणि ती बोलेपर्यंत थांबा.